अवकाशगाथेतला मेकॅनिक: तीन प्रसंगांचं पात्र ठेवावं की कापावं?

डिचोलीकरीण
नमस्कार मंडळी. एक अवकाशगाथा लिहिते आहे. दिवाळी अंकात मावणार नाही एवढी मोठी झाली आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून खनिज आणणारं ‘कुशावती’ नावाचं जहाज, त्याची कप्तान, तिच्या मागावरचे चाचे, दोन वसाहतींमधलं पेटायला आलेलं भांडण, असा सगळा पसारा आहे.

जहाजावर दामू नावाचा मेकॅनिक आहे. आख्ख्या कादंबरीत तो तीनदाच येतो: एकदा पंप दुरुस्त करताना, एकदा कप्तानाशी दोन वाक्यं बोलायला आणि शेवटच्या पाठलागात इंजिनापाशी. माझं लिखाण आधी वाचणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं असं की हा माणूस कथेत काही करत नाही, तेव्हा एकतर काढून टाक, नाहीतर मोठा कर. त्याला वारलेली बायको दे, एखादं गुपित दे.

मला दोन्ही पटत नाही. मला तो हवा आहे, आणि छोटाच हवा आहे. गोव्यात सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरणाऱ्या बार्ज, म्हणजे नदीतल्या मालबोटी, बघत मोठी झाले. कप्तान कसा दिसायचा ते मला आठवत नाही, इंजिनखोलीतून वर हवा खायला आलेली माणसं आठवतात. अशा माणसाला छोटं ठेवूनही वाचकाच्या लक्षात कसं ठेवावं? तुम्ही वाचलेली, पाहिलेली उदाहरणं सांगा. इंजिनावर काम केलेलं कुणी इथे असेल तर फारच बरं.

फोंडेकार
ताई, ठेवाच. माझं या प्रकारातलं सगळ्यात लाडकं पात्र असंच आलं. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या १९८७ मधल्या पहिल्याच भागात कोल्म मीनी हा आयरिश नट सुकाणूवर बसलेला दिसतो. पात्राला नाव नाही. पुढे त्याला ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या, यंत्रामागे उभं केलं. मग ओब्रायन हे आडनाव मिळालं, मग माइल्स हे नाव, मग बायको आणि मुलगी. १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ ही अंतराळ स्थानकावर घडणारी मालिका सुरू झाली तेव्हा तो तिथला मुख्य तंत्रज्ञ झाला. भोवती अकादमीतून आलेले अधिकारी, आणि हा त्यांच्यात हाताने काम करून वर चढलेला.

ते स्थानक कार्डॅसियन या परग्रहवासी लोकांनी बांधलेलं. बाजोर ग्रहावरचा कब्जा सोडताना ते स्थानकही सोडून गेले, आणि जाताना कामाचं सगळं उचकटून नेलं. मागे उरलेली यंत्रणा परक्या पद्धतीची. तिला आपल्या यंत्रणेशी जुळवून घेण्यात ओब्रायनची वर्षं जातात. पहिल्याच भागात आख्खं स्थानक नव्या जागी हलवायचं ठरतं आणि हाताशी असतात सहा थ्रस्टर, म्हणजे ढकलायची छोटी इंजिनं!

हे बघताना मला आजोबा आठवायचे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगालशी असलेले संबंध तुटले ते १९७४ पर्यंत. आजोबांकडे पाण्याचा पंप सांभाळायचं काम होतं. यंत्र तिकडचं, पुस्तिका पोर्तुगीजमधली, आणि सुटा भाग मागवायला वाटच नाही. ते भाग लेथवर स्वतः कातून बसवायचे. राज्य गेलं, राज्य आलं, नळाला पाणी मात्र येत राहिलं. ते कुणामुळे, हे इतिहासाच्या पुस्तकात मला कधी सापडलं नाही. तुमची कादंबरी ते सांगू शकते.

सत्तरीचो_राजू
ठेवा. कापू नका. एवढंच.

वाचनवेडी_म्हापसा
माझं मत मैत्रिणीच्या बाजूने. फोंडेकारबाबांनी दिलेलं उदाहरणच बघा ना. ओब्रायन लक्षात राहिला तो मोठा केला म्हणून. बिननावाचा, सुकाणूवरचा ओब्रायन कुणाला आठवला असता? आवडतो म्हणून पात्र ठेवणं हा लेखकाचा लळा झाला, वाचकाला त्याचं काय? ज्याला काहीच हवं नसतं ते पात्र पानावरून घसरून जातं. वारलेली बायको नको, मान्य. पण दामूला काहीतरी हवं असू दे. बढती, घरी जायची रजा, थकलेला पगार, काहीही.

फोंडेकार
@वाचनवेडी, आडनाव मिळण्याआधीच तो प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला होता. लिहिणाऱ्यांनाही तो वापरायचा मोह पडला, कारण यंत्रामागे उभा राहून तो ज्या तोंडाने अधिकाऱ्यांकडे बघायचा त्यातच सगळं होतं. मोठा झाल्यावर काय झालं तेही ऐका: दर मोसमात एकदा तरी ओब्रायनचा छळ करायचा, असा त्या मालिकेच्या लेखकांचा प्रघातच पडला होता. माणूस साधा, म्हणून त्याचे हाल बघणाऱ्याला लागतात. मला ते भाग आवडतात, पण ट्रान्सपोर्टरमागचा ओब्रायन जास्त आवडतो.

वास्कोची_मालती
पगारावरून आठवलं. १९७९ च्या ‘एलियन’ मध्ये पार्कर आणि ब्रेट ही इंजिनखोलीतली जोडी आहे. नोस्ट्रोमो हे जहाज ताईंच्या कुशावतीसारखंच खनिजवालं, मागे दोन कोटी टन माल ओढणारं. या दोघांची पहिली तक्रार कसली? आम्हाला वाटा कमी का! बाकीचे गंभीर चर्चा करतात आणि हे दोघे वाट्याचं काढतात. तेवढ्यावरून त्या जहाजावर वरचे कोण आणि खालचे कोण ते कळतं. वाचनवेडी म्हणते ते ‘हवं असणं’ मिनिटभरात झालं, आणि त्यासाठी पात्र मोठं करावं लागलं नाही.

चांदरकार
तो चित्रपट भयपट आहे, अवकाशगाथा नव्हे. अवकाशगाथा म्हणजे साम्राज्यं, बंडं, ग्रहांमधली युद्धं.

वास्कोची_मालती
चांदरकारबाब, असू दे की. इंजिनखोली दोन्हीकडे सारखीच गरम.

चांदरकार
मग अस्सल अवकाशगाथेतलं देतो. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’. वाळवंटातला शेतकरी जुन्या बाजारातले यंत्रमानव विकत घेतो. आधी तांबडा निवडतो, आर-फाइव्ह. चार पावलं जातो न जातो तो त्याचा मोटिव्हेटर फुटतो, म्हणून निळा आर-टू घरात येतो आणि पुढची सगळी कथा घडते. एका नासक्या भागावर आकाशगंगेचं भवितव्य फिरलं, पण दुरुस्तीवाला कुणी तिथे दाखवलेला नाही. डिचोलीकरीणताई, ही रिकामी जागा तुमच्या दामूची आहे.

बार्जवाला
मी मांडवीवर बार्जच्या इंजिनावर होतो, २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत. सुरू झाल्यावर परत गेलो, २०१८ मध्ये परत बंद. आता फोंड्यात डिझेल पंप दुरुस्त करतो. कथा-कादंबऱ्यांतलं मला फारसं कळत नाही, मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

सिनेमातला मेकॅनिक सदा पान्हा घेऊन काहीतरी आवळत असतो. आमच्या कामात आवळणं सगळ्यात कमी. बाकीचा वेळ ऐकण्यात आणि हात लावून बघण्यात जातो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. वर काटे असतात, पण काटा हलेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं.

दुसरी गोष्ट. पावसाळ्यात आग्वादला नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आणि लाटा, तिथून बार्ज बाहेर काढता येत नाही. म्हणून मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत आणि तिथून मुरगाव बंदरात जायच्या. त्या दिवसांत नदी झाडपाला, प्लास्टिक, चिखल सगळं घेऊन येते. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी नदीतूनच ओढलं जातं. त्या तोंडाची जाळी तुंबली की पाणी कमी होतं आणि इंजिन तापायला लागतं. वरून आवाज येतो, भरती निघून जाईल, स्पीड दे. खालून उत्तर जातं, नाही. दहा मिनिटं द्या, जाळी साफ करतो, नाहीतर इंजिन बसेल. दीड-दोन हजार टन माल भरलेली बार्ज अरुंद कालव्यात इंजिनाशिवाय म्हणजे काय, ते वरच्याला चांगलं ठाऊक असतं. तो गप्प बसतो.

तुमचा दामू कप्तानाला ‘नाही’ म्हणतो का? म्हणत नसेल तर तुमची मैत्रीण बरोबर, काढून टाका. कप्तानाला नाही म्हणायचा आणि ते कप्तानाने ऐकायचं, असा माणूस जहाजावर एकच असतो. त्याचं दुःख सांगायची गरज पडत नाही.

आणखी एक सांगतो, कादंबरीत वापरायचं की नाही ते तुम्ही बघा. बंदी आली तेव्हा बार्ज काठाला बांधून पडल्या. इंजिन नुसतं पडून राहिलं की आतून गंजतं, रिंगा सिलिंडरला धरतात. म्हणून जाऊन इंजिन हाताने फिरवून ठेवायचं असतं. पगार थांबल्यावरही आमच्यातले काही जण ते करत होते. सुरू होईल त्या दिवशी इंजिन सुरू झालं पाहिजे, एवढंच डोक्यात.

सत्तरीचो_राजू
बार्जवाले काका, नमस्कार तुम्हाला. माझा मामा आमोण्याला होता, त्याचंही हेच.

बार्देशची_लेक
काकांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. आमच्या घरात तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे. पणजोबा इंग्रजांच्या प्रवासी जहाजावर, मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या वसतिगृहात, राहून जहाजाची वाट बघायचे. पण ते इंजिनावर नव्हते. त्या कंपन्यांत कामं प्रांतांप्रमाणे वाटलेली असायची: डेकवर बरेचसे कोकण आणि गुजरातकडचे, खाली बॉयलरपाशी पंजाब आणि सिल्हेटकडचे, आणि सलूनमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात आणि वाढपात, आपले गोंयकार. पणजोबा सांगायचे की इंजिनातली माणसं त्यांना दिसायचीच नाहीत. त्यांची राहायची जागा वेगळी, जेवण वेगळं.

ताई, मला हे महत्त्वाचं वाटतं. दामू तीनदाच दिसतो, ठीक. पण तो का दिसत नाही ते कादंबरीला माहीत असू दे. कुशावतीवर त्याची झोपायची जागा कुठे आहे? कप्तान कधी खाली उतरली आहे का?

पेडणेचा_पांडुरंग
आणि दामूच्या डब्यात काय असतं? सुक्या सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, किसमूर असेल तर मी कादंबरी विकत घेतो.

वास्कोची_मालती
पांडुरंगबाब, बंद जहाजात तीच हवा परत परत फिरते. किसमूर एकदा उघडली की मंगळ येईपर्यंत सगळ्यांना किसमूर.

पेडणेचा_पांडुरंग
मग चाचे जवळच येणार नाहीत. प्रश्न सुटला. 😀

नाट्यवेडा_सांखळी
थोडं अवांतर. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात दूताची भूमिका कुणाला द्यायची यावर तालमीत जेवढी चर्चा होते तेवढी राजाच्या भूमिकेवर होत नाही. राजा चुकला तर पुढच्या प्रवेशात सावरतो. दूत एकदाच येतो. सेनापती पडल्याची बातमी त्याने नीट दिली नाही तर पुढचा सगळा अंक कोसळतो. आमचे एक जुने नट आयुष्यभर दूतच झाले. मोठी भूमिका देऊ केली तेव्हा म्हणाले, माझ्या एका प्रवेशाची तयारी अजून पुरी झालेली नाही. वाचनवेडीताई, तुम्ही म्हणता ते सगळं मोठ्या पात्रांना लागू आहे. छोट्या पात्राचा कायदा वेगळा. त्याने आणलेली गोष्ट महत्त्वाची हवी.

वाचनवेडी_म्हापसा
नाट्यवेडा, हे पटतंय. बार्जवाले काकांचं ‘नाही’ तर पुरतंच पटलं. तेव्हा माझा मुद्दा जरा बदलून मांडते: दामू काय आणतो? डिचोलीकरीण, तिसऱ्या प्रसंगात नेमकं काय आहे ते सांग ना.

तारांगण_मास्तर
मी शाळेत विज्ञान शिकवतो. अवकाशातल्या खऱ्या दुरुस्त्यांबद्दल थोडं लिहितो, म्हणजे दामूचे हात खरे वाटतील.

वजनरहित अवस्थेत पान्हा फिरवला की बोल्टऐवजी माणूस फिरतो. १९६६ मध्ये जेमिनी ९ च्या वेळी यानाबाहेर काम करताना यूजीन सर्नन पार दमून गेला, घामाने हेल्मेटची काच आतून धुरकटली. त्याच वर्षी जेमिनी १२ वर बझ ऑल्ड्रिनने पाय अडकवायच्या खोबण्या आणि धरायच्या मुठी वापरल्या, आधी पाण्याखाली सराव केला, आणि तीच कामं शांतपणे पार पाडली. तेव्हा दामू आधी पाय अडकवेल, मग पान्ह्याला हात घालेल. हत्यारं दोरीने बांधलेली हवीत. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करणाऱ्या अंतराळवीर हाइडमेरी स्टेफनीशिन-पायपर यांच्या पिशवीत ग्रीसगन फुटली. ती पुसताना आख्खी पिशवी हातातून निसटली आणि पृथ्वीभोवती फिरत राहिली. जमिनीवरून हौशी निरीक्षकांनी ती पाहिली!

आणि १९८५ ची सल्यूत ७ ची गोष्ट तर वाचाच. सोव्हिएत स्थानक पूर्ण निकामी झालं होतं, वीज नाही, संपर्क नाही. झानिबेकोव्ह आणि साविनिख या दोघांनी यान हाताने चालवत त्याला जोडलं. आत पाणी गोठलेलं, भिंतींवर हिमकण. लोकरी टोप्या घालून त्यांनी बॅटऱ्या तपासल्या, चांगल्या तेवढ्या निवडून थेट सौरपंखांना जोडल्या आणि स्थानक जिवंत केलं. गोळीबार नाही, शत्रू नाही, तरी मला तो सगळा प्रसंग कुठल्याही लढाईपेक्षा थरारक वाटतो.

म्हादईपुत्र
मास्तर, आपल्या गोव्यातलंही घ्या. दिवाडीच्या कारखान्यात बांधलेली ‘तारिणी’ ही शिडाची बोट घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला इथून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. वाटेत सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं. समुद्राच्या मध्यावर मेकॅनिक बोलावता येत नाही, ज्या आहेत त्यांनीच सगळं शिकून जायचं. त्यामुळे मला एक शंका: ताईंच्या काळात वेगळा मेकॅनिक असेल का? प्रत्येकालाच दुरुस्ती यायला हवी.

तारांगण_मास्तर
चांगली शंका आहे. छोट्या शिडाच्या बोटीवर तसंच असणार. पण अणुभट्टी आणि हजारो टन माल असलेल्या जहाजावर यंत्रणेशी रोज राहणारा माणूस लागेलच.

डिचोलीकरीण
मंडळी, सगळं दोनदा वाचलं. बार्जवाले काका, तुमच्या मुलीला माझे खास आभार सांगा. बार्देशची_लेक, दामूची झोपायची जागा पंपाशेजारी आहे आणि कप्तान अजून एकदाही खाली उतरलेली नाही. हे मला तुमच्या प्रश्नानंतर दिसलं.

वाचनवेडी, तिसरा प्रसंग असा. चाचे मागे लागलेत. उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणींना दिसू नये म्हणून कप्तान उष्णता बाहेर टाकणारे पंखे, म्हणजे रेडिएटर, मिटून घेते, आणि जहाज एका लघुग्रहाच्या सावलीला धरून आठ तास सरकत राहतं. वेग वाढावा म्हणून ती माल सोडून द्यायचं ठरवते. दामू इंजिनापाशी राहून भट्टी कमीत कमी ताकदीवर चालू ठेवतो. सुटका होते. दामू तिथे नुसता घाम पुसतो, हे मला आता खुपायला लागलंय.

तारांगण_मास्तर
ताई, पंखे मिटलेत? मग कथेचं हृदय इथेच आहे.

अवकाशात हवा नाही, पाणी नाही. उष्णता बाहेर जायला एकच वाट, प्रारण, म्हणजे किरणांवाटे बाहेर पडणं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या मुख्य रेडिएटरांची क्षमता सुमारे ७० किलोवॉट. २०१० मध्ये त्यातल्या अमोनियाचा एक पंप बंद पडला तर निम्मी थंडावा-यंत्रणा गेली, आणि तो बदलायला तीनदा बाहेर जावं लागलं. तुमच्या भट्टीची टाकाऊ उष्णता कमीत कमी ताकदीवर १ मेगावॉट धरू. २७ अंश सेल्सिअसला आदर्श पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॉट बाहेर टाकतो. म्हणजे १ मेगावॉटला जवळपास २,२०० चौरस मीटर पृष्ठभाग लागेल. तो तुम्ही मिटलात. मग ती उष्णता कुठे जाणार? जहाजातच.

जहाजावर १०० टन पाणी आहे असं समजा. १ मेगावॉटने ते दर ७ मिनिटांना १ अंश तापेल. २० अंशांपासून ६० पर्यंत जायला ४ तास ४० मिनिटं. तुमचा पाठलाग ८ तासांचा. पाचव्या तासाला एकतर पंखे उघडा, नाहीतर शिजा.

चांदरकार
वा मास्तर! आता दामूकडे बोलायला काहीतरी आहे.

बार्जवाला
मास्तर, एक विचारतो. बार्जवर माल म्हणजे नुसतं ओझं, पण तुमच्या हिशोबात पाणी तापतं तसा माल तापणार नाही का? खनिज दगडच आहे. उन्हात भरलेलं खनिज रात्री धक्क्यावर हात लावला तर कोमट लागायचं. जहाजात एवढा थंड दगड पडलेला असताना उष्णता पाण्यातच का कोंबायची?

तारांगण_मास्तर
काका, तुम्ही कादंबरीचा शेवट सोडवलात!

हिशोब करतो. लोहखनिजाची उष्णताधारकता पाण्याच्या साधारण साडेसहाव्या हिश्शाइतकी, किलोला सुमारे ०.६५ किलोज्यूल. पण वजन प्रचंड. अडचण एकच: निर्वातात सुट्या खड्यांमधून उष्णता फार सावकाश जाते, त्यामुळे मालातून पाइप गेलेले हवेत. ते असू शकतात. लघुग्रहांच्या काही खडकांत खनिजांमध्येच पाणी बांधलेलं असतं, ते काढायला माल तापवावा लागतो. म्हणजे कुशावतीच्या कोठारात तापवायचे पाइप आधीपासून आहेत, पाणी काढून झालंय आणि माल २० अंशांवर पडून आहे. २,००० टनांतला पाइपांजवळचा ५०० टनच उपयोगी धरा. १ मेगावॉटने तो ४० अंश तापायला सुमारे ३ तास ३६ मिनिटं. पाण्याचे ४ तास ४० मिनिटं मिळवा: ८ तास १६ मिनिटं.

सत्तरीचो_राजू
१६ मिनिटांनी वाचले! अंगावर काटा आला.

वाचनवेडी_म्हापसा
आणि कप्तान माल सोडायला निघालेली आहे! ती कळ दाबणार तेवढ्यात खालून आवाज येतो, नाही. माल गेला तर पाचव्या तासाला आपण गेलो. डिचोलीकरीण, दामूचं हे एक वाक्य कथा फिरवतं. बढती, रजा, पगार, माझी सगळी मागणी मागे घेते. त्याला काय हवं ते आता कळतं: इंजिन चालू राहायला हवं.

फोंडेकार
माझी एक विनंती. सुटका झाल्यावर कप्तानाने त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, मिठी मारली, असं लिहू नका. ती फक्त खाली उतरू दे. बार्देशच्या लेकीने विचारलं होतं तेच.

बार्देशची_लेक
हो. आणि खाली आल्यावर तिला तिथली उष्णता सोसवत नाही, असंही असू दे. ६० अंशांचं पाणी ज्या भिंतीमागे आहे तिथे दामू आठ तास होता.

डिचोलीकरीण
दामू राहतो. प्रसंग तीनच राहतात. पहिल्या प्रसंगातला पंप आता कोठाराच्या पाइपांचा करते, म्हणजे ते पाइप वाचकाने आधीच पाहिलेले असतील आणि दामूला समजावून सांगावं लागणार नाही. दुसऱ्या प्रसंगातली दोन वाक्यं बदलते: कप्तान विचारते, हे पाइप आता कशाला सांभाळतोस, माल तर तापवून झाला. तो म्हणतो, सुरू करायची वेळ आली तर सुरू झाले पाहिजेत. बार्जवाले काका, हे तुमच्या बांधून ठेवलेल्या बार्जवरून घेतलं आहे. चालेल ना?

बार्जवाला
चालेल, घ्या. आमच्यातल्या जे जायचे त्यांना वाचून दाखवीन.

फक्त एक बघा. पाण्याकडून मालाकडे उष्णता वळवताना पाइपावर झडप लागेल. अशा जागी दोन झडपा ठेवतात, बाजूला दुसरी वाट काढून. बरेच दिवस न फिरवलेली झडप नेमकी पाहिजे तेव्हा जागची हलत नाही. दामू माझ्यासारखा असेल तर त्याने दोन्ही दर आठवड्याला फिरवून ठेवल्या असतील, पण कादंबरीत एक अडकू दे.

डिचोलीकरीण
एक अडकवते. देव बरें करूं, काका. आता दुसरी फिरवायला त्याला त्या उष्णतेत किती वेळ लागेल ते सांगा, म्हणजे मास्तरांच्या १६ मिनिटांतून वजा करते.